आफ्रिकेतल्या शहरांत घरगुती कचऱ्यामुळे होणाऱ्या आजारांची लोकांना जाणीवच नसते का?

असते, पण अर्धीच. आफ्रिकेत पन्नासच्या वर देश आहेत. मी नोकरीनिमित्त राहिलो ते केनियाच्या राजधानीत, नैरोबीत, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलतो.

माश्या, डास, तुंबलेली गटारं, जुलाब, कॉलरा यांचा कचऱ्याशी काय संबंध, हे तिथल्या वस्तीतल्या कुठल्याही बाईला विचारा, ती तुम्हालाच समजावेल. पण ज्याला वास नाही आणि ज्याने लगेच पोट बिघडत नाही, त्याची धास्ती कोणी घेत नाही.

नैरोबीतल्या दांडोरा भागाचं डम्पिंग ग्राउंड बघा. १९७५ च्या सुमारास सुरू झालं, २००१ मध्ये भरल्याचं जाहीर झालं, तरी गाड्या येतच राहिल्या. आजूबाजूला घरं आहेत, शाळा आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने (मुख्यालय नैरोबीतच!) २००७ मध्ये तिथल्या ३२८ मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. निम्म्या मुलांच्या रक्तात शिसं त्या वेळच्या धोक्याच्या पातळीइतकं किंवा त्याहून जास्त निघालं. शिशाने ताप येत नाही. पोर अभ्यासात मागे पडतं आणि घरचे म्हणतात, याचं डोकंच चालत नाही.

धुराचंही तेच. दारापुढे प्लास्टिक जाळणं लोकांच्या लेखी स्वच्छताच: ढीग गेला, माश्या गेल्या. आपल्याकडेही गावोगाव हेच चालतं, तेव्हा नाक मुरडायला नको.

बरं, जाळू नका म्हटलं तर टाकायचं कुठे? घंटागाडीची सवय असलेल्यांना हा प्रश्नच पडत नाही. तिथल्या झोपडवस्त्यांच्या बोळांत पालिकेची गाडी शिरत नाही. तरुण पोरांचे गट दरमहा पैसे घेऊन कचरा उचलतात. पैसे संपले की पिशवी नाल्यात. त्या घरी पत्रक वाटून काय होणार?

उलट, केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली, चार वर्षांपर्यंत कैदेची तरतूद ठेवली, तेव्हा दुकानातून पिशव्या खरोखर हटल्या. त्यासाठी कोणाला प्रदूषणाचे धडे द्यावे लागले नाहीत.

तरी जागृतीवर पैसा घालायचाच असेल, तर 'कचरा वाईट' हे सांगण्यात घालवू नका. शिसं असलेल्या जुन्या बॅटऱ्या फोडू नका, प्लास्टिकच्या धुरापासून पोरांना लांब ठेवा, ती बाहेरून आली की जेवणाआधी हात धुवायला लावा, एवढं सांगा. तेवढं तिथल्या आईच्या हातात आहे.