मेकॅनिकलच्या मुलाने रोज पोस्ट टाकायची का?

प्रश्न : सर, मी कोल्हापूर जिल्ह्यातला. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. वडील शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या कामावर आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्याच एका फाउंड्रीत (धातू ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात) मी इंटर्नशिप केली आणि ब्लोहोलमुळे, म्हणजे ओतलेल्या धातूत वायूमुळे राहणाऱ्या पोकळ्यांमुळे होणाऱ्या रिजेक्शनवर काम केलं. कॉलेजात सगळे म्हणतात की लिंक्डइनवर पर्सनल ब्रँड नसेल तर नोकरी विसरा. माझा मित्र रोज पोस्ट टाकतो, त्याचे हजारो फॉलोअर्स आहेत. माझं प्रोफाइल कोरं आहे. एक कोर्सवाले 12,000 रुपयांत ब्रँड तयार करून देतो म्हणतात. घरी पैसे मागू का? इंग्रजीत लिहायचीही भीती वाटते.

उत्तर : पैसे मागू नकोस. हे आधी सांगतो, कारण कोर्सवाले घाई करतात आणि सीट भरत आल्या म्हणून रोज फोन करतात. ते जे शिकवणार आहेत त्यातलं कामाचं तेवढं एका रविवारी तुझं तुला जमेल.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तू एका ओळीत उरकली आहेस, ती म्हणजे ब्लोहोलवरचं काम. पत्रासोबत पाठवलेला इंटर्नशिप रिपोर्ट मी नीट वाचला. तू कोणत्या शिफ्टला माल जास्त रिजेक्ट होतो ते रजिस्टरमधून काढलंस, दोषांचा पॅरेटो चार्ट (कोणत्या दोषाने सगळ्यात जास्त माल जातो ते दाखवणारा तक्ता) मांडलास, साच्याच्या वाळूचा ओलावा आणि तापमान ठरावीक वेळी मोजलंस. परतीची, म्हणजे एकदा वापरून झालेली वाळू पुरेशी थंड न होताच पुन्हा मिक्सरमध्ये जाते आणि मग ओलावा हाताबाहेर जातो, हे तुझ्या नोंदींतून दिसलं. सुपरवायझरांनी त्यावर उपाय केला आणि त्या एका पार्टचं ब्लोहोलचं रिजेक्शन साधारण एक तृतीयांशाने घटलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलासाठी हे फार चांगलं काम आहे. आज ते स्पायरल बायंडिंगमध्ये कॉलेजच्या कपाटात पडून आहे. तुझ्या ब्रँडची सुरुवात तिथून होते.

पर्सनल ब्रँड हा शब्द 1997 मधल्या एका अमेरिकन लेखामुळे गाजला. लिंक्डइन सुरू झालं 2003 मध्ये. म्हणजे पोस्ट आणि फॉलोअर्स यायच्या आधीपासून ही कल्पना आहे, आणि आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तर ती त्याच्याही कितीतरी आधीपासून चालत आलेली. अमुक मिस्त्रीचा पॅटर्न (साचा ज्यावरून घेतात तो नमुना) म्हणजे बघायला नको, असं एक कारखानदार दुसऱ्याला सांगायचा आणि त्या नावावर काम यायचं. आता फरक एवढाच की पुण्यातला किंवा बेळगावातला माणूसही तुझं काम बघू शकतो. पण बघायला काम तिथे असायला हवं.

मित्राशी तुलना सोडून दे. फॉलोअर्समध्ये बहुतेक त्याच्याचसारखे नोकरी शोधणारे विद्यार्थी असतात. फाउंड्रीत माणूस निवडणारा प्रॉडक्शन मॅनेजर रोज सकाळी सुविचार वाचायला लिंक्डइन उघडत नाही. एचआरमधला माणूस कास्टिंग, मेथडिंग, क्वालिटी असे शब्द टाकून शोधतो, किंवा तुझा बायोडेटा हातात आल्यावर तुझं नाव टाकून बघतो. त्या दोन मिनिटांत त्याला काय दिसतं, यावर तुझी मेहनत खर्च होऊ दे.

म्हणून आधी हेडलाइन बदल. नावाखालची ती ओळ तुझ्याकडे आपोआप आलेली आहे : अमुक कॉलेजचा विद्यार्थी. तशा ओळी लाखो आहेत. तिथे 220 अक्षरांपर्यंत जागा मिळते. तू लिही : 'मेकॅनिकल इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष | ग्रीन सँड कास्टिंग, रिजेक्शन अ‍ॅनालिसिस | कोल्हापूर'. यात बढाई नाही, आणि शोधणाऱ्याला हवे ते शब्द आहेत. 'एक्स्पर्ट', 'पॅशनेट' वगैरे काही जोडू नकोस. साधा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो लाव.

मग रिपोर्टमधून दोन पानांची पीडीएफ कर आणि प्रोफाइलच्या 'फीचर्ड' भागात लाव. अडचण काय होती, काय मोजलं, काय सापडलं, काय बदललं, आणि कोणता प्रश्न सुटला नाही. हा शेवटचा मुद्दा मुलं गाळतात. तू गाळू नकोस. पावसाळ्यात हाच उपाय टिकेल का, हे तुला तपासता आलं नाही असं तू रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं आहेस. ज्याची हयात फाउंड्रीत गेली आहे तो माणूस ते वाक्य वाचून तुझ्यावर विश्वास ठेवेल.

आता एक इशारा, आणि तो कृपा करून गंभीरपणे घे. तू पत्रात रिजेक्शनचे नेमके टक्के लिहिले आहेस. मी ते इथे छापलेले नाहीत, तूही कुठे टाकू नकोस. ते कंपनीचे आकडे आहेत. कास्टिंगचा फोटो टाकलास आणि त्यावर ग्राहकाचा पार्ट नंबर किंवा लोगो दिसला, तर त्या फाउंड्रीला ग्राहकासमोर उत्तर द्यावं लागेल. ड्रॉइंग तर अजिबात नको. 'एक तृतीयांशाने घटलं' एवढं पुरे, आणि तेही कंपनीला विचारून. परवानगी मेलवर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घे. तुझे वडील याच वसाहतीत काम करतात, तुझ्या एका पोस्टमुळे कुणी त्यांना बोलता कामा नये.

स्वतःचीही काळजी घे. मार्कशीट, आधार क्रमांक दिसणारी कागदपत्रं, घरचा पत्ता हे प्रोफाइलवर नको. आणि प्रोफाइल दिसू लागलं की नोकरीचे खोटे मेसेजही येतील. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा कोणत्याही नावाने पैसे मागितले की समजून घे, तिथे नोकरी नाही.

इंग्रजीबद्दल. तुझं मराठी पत्र इतकं स्वच्छ आहे की मला काळजी वाटत नाही. आधी मराठीत लिही, मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजीत उतरव. एआयकडून व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही, पण लेख त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस. तशा पोस्ट आता एकसारख्या दिसतात, आणि मुलाखतीत कुणी वाळूच्या परमिअ‍ॅबिलिटीवर (वाळूतून वायू किती सहज बाहेर पडतो यावर) प्रश्न विचारला तर उत्तर तुलाच द्यायचं आहे. जमलं तर याच विषयावर मराठीत एक छोटा व्हिडिओही कर. फाउंड्रीतल्या ऑपरेटरांना, डिप्लोमाच्या मुलांना कळेल असं मराठीतलं तांत्रिक साहित्य फार थोडं आहे. मला ही उणीव मनापासून खुपते, आणि तुझ्यासारख्या घरातली मुलंच ती भरून काढू शकतात.

रोज पोस्ट टाकायची गरज नाही. महिन्यातून एखादी, सांगण्यासारखं काही असेल तेव्हा. राहिलेला वेळ माणसं जोडण्यात घाल. लिंक्डइनवर तुझ्या कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते, ती शहरानुसार आणि कंपनीनुसार चाळता येते. फाउंड्रीत काम करणारे सीनियर शोध आणि थेट नोकरी न मागता एक नेमका प्रश्न विचार : 'सर, मी ब्लोहोलवर काम केलं आहे. तुमच्याकडे परतीची वाळू थंड करायला काय करता?' कामाच्या प्रश्नाला कामातली माणसं उत्तर देतात. सगळी देणार नाहीत, पण जी देतील त्यांना महिनाभराने तुझं नाव आठवेल. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचं कोल्हापूर चॅप्टर आहे, त्यांच्या कार्यक्रमांना जात जा. आपल्या भागातल्या बऱ्याच जागा अजूनही ओळखीतूनच भरल्या जातात. तिथे भेटलेला माणूस घरी जाऊन तुझं प्रोफाइल उघडेल, तेव्हा त्या दोन पानांचा खरा उपयोग होईल.

कास्टिंगवरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स फुकट बघता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते, आणि ती त्या 12,000 च्या जवळपासही नाही.

पीडीएफचा मसुदा झाला की आधी तुझ्या सुपरवायझरांना दाखव. तांत्रिक चूक असेल तर ते तिथेच पकडतील, आणि परवानगीचंही त्याच भेटीत बोलून घे.