हवामान बदलावरची फेलोशिप: मुरबाड, शहापूर आणि खाजणपट्ट्यातून आलेल्या प्रश्नांना उत्तरं

आमच्या कृषी कार्यालयाच्या खरीपपूर्व बैठकांत बियाणं, खत आणि पीकविमा हे विषय दरवर्षी निघतात. यंदा त्यात एका वेगळ्या प्रश्नाची भर पडली. मुरबाडजवळच्या एका दादांची मुलगी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या तरुणानं दापोलीहून वनशास्त्राची पदवी घेतली आहे. नवी मुंबईलगत खाजणात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीत, भात लावणाऱ्या एका ताईंची सून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे. तिन्ही घरांनी एकच विचारलं: शेती आणि जंगलात हवामान बदलावर काम करणाऱ्यांना सरकार फेलोशिप देतं म्हणे, ती कुठं मिळते, किती मिळते, आणि आमच्या मुलांना लागेल का? बैठक उठता उठता मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, "शिकलेल्यांचं झालं. आम्हाला काय?"

चौघांनाही इथं सविस्तर सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. हवामान बदल या नावाची एकच सरकारी फेलोशिप आहे, एक अर्ज भरला की झालं, असं नाही. पैसा वेगवेगळ्या खात्यांतून येतो: कृषी संशोधन परिषद, विज्ञान विभाग, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, वन संशोधन परिषद आणि राज्याच्या संस्था. तुमचं शिक्षण कुठवर झालंय यावर दार ठरतं. दार उघडल्यावर "काम काय करणार" हे विचारलं जातं आणि आपली मुलं अडखळतात ती तिथंच. म्हणून दादांच्या मुलीचं उत्तर थोडं लांबणार आहे.

मुलगी बी.एस्सी. कृषी, शेवटचं वर्ष. पुढं काय?

दादा, तिची पहिली पायरी एम.एस्सी. आहे. राज्यातल्या कृषी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा ती देईलच, तिच्या जोडीनं आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) अखिल भारतीय पदव्युत्तर परीक्षाही द्यायला सांगा. त्यात वरच्या क्रमांकात आली तर एम.एस्सी.ला महिना १२,६४० रुपये छात्रवृत्ती मिळते. तो क्रमांक हुकला पण त्याच परीक्षेतून दुसऱ्या राज्यातल्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर महिना ५,००० रुपयांची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. घरापासून लांब पाठवायला मन तयार होत नाही हे मला कळतं. तरी ती तयार असेल तर अडवू नका.

विषय निवडताना कृषी हवामानशास्त्र, मृदाशास्त्र, कृषिविद्या यांचा विचार करावा. आपल्या राज्यात बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, क्षार, उष्णता, पाणी साचणं हेच तिचं काम. पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ पासून चालू आहे. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेकडून २०११ पासून 'निक्रा' हा हवामान अनुकूल शेतीचा देशव्यापी प्रकल्प चालतो आणि त्याच्या केंद्रांवर वेळोवेळी संशोधन सहायक नेमले जातात. या जाहिराती पेपरात क्वचितच दिसतात, त्या संस्थांच्या संकेतस्थळावर लागतात. महिन्यातून दोनदा पाहायची सवय तिनं आतापासूनच लावून घ्यावी.

एम.एस्सी.नंतर नेट पात्रतेसह कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनचा केंद्राचा दर महिना ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी, काम समाधानकारक असेल तर, ४२,००० होतो. घरभाडं त्याशिवाय. पीएच.डी.ला सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे, ती मराठा आणि कुणबी समाजातल्या उमेदवारांसाठी. मुरबाडच्या बऱ्याच घरांना ती लागू होते. जागा मोजक्या असतात आणि एका वेळी एकाच ठिकाणची छात्रवृत्ती घेता येते.

मुख्यमंत्री फेलोशिपबद्दलही दादांनी विचारलं होतं. ती २०१५ साली सुरू झाली, मध्ये थांबली आणि २०२३ ला परत आली. जागा ६०, वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, वर्षभराचा कामाचा अनुभव आणि मराठी येणं आवश्यक. ती संशोधनाची नाही. फेलो सरकारी कार्यालयात बसून योजनांवर काम करतो, आणि कार्यालय शेतीचंच मिळेल याची खात्री नसते. प्रशासन जवळून पाहायचं असेल तर चांगली आहे, शेतात प्रयोग करायचा असेल तर दुसरी वाट धरावी.

आता कामाचं. मुलीनं अर्जासाठी लिहिलेला विषय दादांनी मला दाखवला: 'हवामान बदलाचा भारतीय शेतीवर परिणाम'. एवढ्या मोठ्या विषयाला कुणी पैसे देत नाही. परीक्षक पहिल्या ओळीलाच पान उलटतो.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो. पडवीत खुंटीला जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी टांगलेली. दादांचे वडील दरवर्षी पेन्सिलीनं त्यावर टिपून ठेवायचे: राब भाजला, दाढ टाकली (रोपांसाठी बी पेरलं), आवणी (भातलावणी) सुरू, आवणी आटपली, कापणी. वडील थकल्यावर दादांनी ते चालू ठेवलं. २०१९ च्या ऑक्टोबरच्या पानावर आडवं लिहिलंय, 'कापलेलं भात भिजलं, कोंब आले.' २०२५ च्या मेमध्ये २६ तारखेसमोर तीनच शब्द: 'पाऊस. राब राहिला.' त्या दिवशी मान्सून मुंबईत पोहोचला होता. त्याची नेहमीची तारीख ११ जून.

मुलीचा विषय तिथं खुंटीला टांगलेला आहे. आपल्याकडे राब भाजायचा म्हणजे उन्हाळ्यात ऐनाच्या झाडाची टहाळं तोडायची, पालापाचोळा आणि शेण पसरायचं आणि वाफा जाळायचा. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, रोप जोमदार येतं. आजोबांनी हे उगाच केलेलं नाही. पण पाऊस मेमध्येच उतरला की जाळायला कोरडा दिवस उरत नाही. शिवाय दरसाल छाटून ऐनाची खोडकी होतात. राबाऐवजी गादीवाफा केला तर तण किती वाढतं, रोप किती दिवसांत आवणीला येतं, किती भारे टहाळ वाचतं आणि न छाटलेल्या ऐनाचा घेर वर्षाला किती वाढतो, हे तिनं पाच-सहा शेतांवर मोजावं. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर टेप लावून घेतात. त्यावरून लाकडाचं वजन काढता येतं, आणि सुक्या लाकडात जवळपास निम्मा कार्बन असतो. एकाच प्रश्नात भात आलं, जंगल आलं आणि बदललेला पाऊसही आला. असा प्रस्ताव मुरबाडची मुलगीच लिहू शकते. दिल्लीत बसलेल्याला राब म्हणजे काय तेच माहीत नसतं.

मिथेनवर लिहू का, असं तिनं मला फोनवर विचारलं. खाचरात पाणी तुंबून राहिलं की मातीतली हवा संपते आणि तिथले जिवाणू मिथेन सोडतात. पाणी अधूनमधून आटू दिलं की तो कमी होतो, हे पक्कं आहे. पण जुलैत आपल्या खाचरातलं पाणी आपल्या हातात नसतं. भातसा कालव्यावर उन्हाळी भात घेतात तिथं हा प्रयोग शोभेल, तुमच्या पावसाळी भातावर नाही. दुसऱ्या भागातला विषय उचलून आणला की तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला उमेदवार उघडा पडतो.

पाड्यावरच्या तरुणाला, ज्यानं वनशास्त्र घेतलं आहे

भाऊ, आयसीएआरच्या पदव्युत्तर परीक्षेत वनशास्त्राचाही गट आहे, त्यामुळे वरची छात्रवृत्ती तुम्हालाही खुली आहे. जंगलाच्या संशोधनासाठी डेहराडूनची भारतीय वानिकी संशोधन आणि शिक्षण परिषद आहे. तिची महाराष्ट्र सांभाळणारी संस्था जबलपूरला आहे, उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था. तिथं प्रकल्पांवर फेलो घेतात. पीएच.डी.साठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, देशभरात वर्षाला ७५० जागा. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही संशोधनाला मदत करते.

एक गोष्ट आजच करा: जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला असतो, वैधता नसते, आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. गुण उत्तम असलेली दोन मुलं या एका कागदापायी मागं राहिलेली मी पाहिली आहेत. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुना सातबारा, जे असेल ते आत्ताच गोळा करा.

विषय तुमच्या उंबऱ्याशी आहे. तुमच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला असेल, तर जंगल राखणं तिच्या हातात आहे. वणवा रोखलेल्या आणि न रोखलेल्या भागात मोहाची, ऐनाची किती रोपं टिकली, हे तीन वर्षं मोजणं ही भक्कम सुरुवात आहे. मोहाचा बहर अलीकडे मागं-पुढं होतोय असं तुमची आजी म्हणते ना? फुलं पडायला लागल्याची तारीख लिहायला लागा.

खाजणातल्या ताईंना

ताई, तुमच्या शेतात मी आलो तेव्हा तुम्ही ढेकूळ फोडून चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणालात, "औंदा गेल्या वर्षीपेक्षा खारट." नंतर यंत्र लावलं तर तुमच्या जिभेचंच खरं निघालं. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारपड धरतात, आणि भाताला त्याआधीच त्रास सुरू होतो. उधाणाला बांधाला खांड पडते, उघाडीचं (बांधातून पाणी सोडायच्या दाराचं) झाकण नीट बसत नाही, खाडी आत येते आणि एक-दोन वर्षांत तिवरं, म्हणजे खारफुटी, उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून खारफुटी तोडण्यावर कडक बंदी आहे, २०१८ च्या निकालानं ती कायम केली. शेत गेल्याचं तुमचं दुःख खरं आहे, आणि खाडीकाठचं ते तिवरच लाटेचा जोर मोडतं हेही खरं.

सूनबाईंचा विषय इथंच आहे: बांधाबाहेर तिवरांचा पट्टा आहे तिथं खांडी कमी पडतात का, आणि आतल्या मातीतला खार पावसानं किती धुतला जातो. पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र तुमच्या जवळ आहे. पनवेल-१, २ आणि ३ या खार सोसणाऱ्या जाती तिथल्याच. सल्लागार म्हणून तिथले शास्त्रज्ञ मिळाले तर अर्जाला वजन येईल.

दार कोणतं? त्यांनी सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये जीवविज्ञान घ्यावं. वयात महिलांना ५ वर्षांची सवलत आहे. आगरी कुटुंब इतर मागासवर्गात येत असल्यानं पीएच.डी.ला नोंदणी झाली की महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. बाळंतपणामुळे शिक्षणात खंड पडला, म्हणून त्या संकोचत होत्या. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना अशाच स्त्रियांसाठी आहे. तो खंड अर्जात लपवू नका, स्पष्ट लिहा.

आयआयटी मुंबईत हवामान अभ्यासाचा पीएच.डी. कार्यक्रम २०१२ पासून आहे, आणि तिथलंच 'सितारा' केंद्र १९८५ पासून ग्रामीण भागासाठी काम करतं. रोज घरी परतता येईल असं ते अंतर आहे. परदेशातल्या संधीही आहेत, जसं भारत-अमेरिकेची फुलब्राइट-कलाम हवामान फेलोशिप किंवा जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानची, पण त्या पुढच्या टप्प्याच्या. त्या वर्षीची जाहिरात निघाली आहे का ते पाहूनच तयारीला लागावं.

तिन्ही घरांना पैशाबद्दल एक सांगतो. एम.एस्सी.नंतर मी एका प्रकल्पावर दोन वर्षं संशोधन सहायक होतो. पहिल्या सात महिन्यांचे पैसे आठव्या महिन्यात एकदम आले. तोवर घरून तांदूळ आणि थोरल्या भावाकडून खोलीचं भाडं यायचं. फेलोशिप मंजूर झाली म्हणून लगेच कर्जाचा हप्ता तिच्यावर लावू नका, सहा महिने निभतील एवढी तजवीज ठेवा. आणि "तुमची फेलोशिप मंजूर आहे, प्रक्रिया शुल्क पाठवा" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा. अर्ज किंवा परीक्षेचं शुल्क संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरलं जातं.

"आम्हाला काय?"

काका, फेलोशिप पदवीवर मिळते, ती तुम्हाला मिळणार नाही. पण तुमच्या घरात जुन्या वाणाचं भात वर्षानुवर्षं राखलेलं असेल तर पीक वाण संरक्षण प्राधिकरणाचे पुरस्कार शेतकऱ्यांसाठीच आहेत. वैयक्तिक दीड लाखापर्यंत, गावानं मिळून राखलं असेल तर १० लाख. तुमची सून बचत गटात असेल तर कृषी सखीचं, म्हणजे गावात शेतकऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या महिलेचं, प्रशिक्षण घेता येईल, महाराष्ट्र त्या योजनेच्या पहिल्या १२ राज्यांत आहे.

आणि उद्या एखादा संशोधक तुमच्या शेतात प्रयोगाला जागा मागेल तेव्हा तोंडी हो म्हणू नका. पीक बुडालं तर भरपाई कोण देणार, मजुरी किती, आणि निघालेले आकडे तुम्हाला मराठीत कधी मिळणार, हे एका कागदावर लिहून सही घ्या. मसुदा करायला आमचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) मदत करतील.

मुरबाडच्या दादांना शेवटी एक काम. ती कॅलेंडरं पावसाआधी खुंटीवरून उतरवा, पडवीला ओल येते. मुलीला प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा, तारीख दिसेल असा. पुढच्या बुधवारी गुंडाळी घेऊन दोघं कार्यालयात या, आपण बसून तक्ता करू.