इस्राएलला येताना घराआधी सिनेगॉग पाहा

शालोम ताई,

पुढच्या वर्षी ठाण्याहून पती, दोन मुले आणि सासूबाई यांच्यासह इस्राएलला कायमचे येण्याचा तुमचा विचार आहे. अश्दोद, लोद, रामला आणि दिमोना यांपैकी कोणते गाव निवडावे, आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मंडळींचे सामुदायिक जीवन इथे प्रत्यक्षात कसे चालते आणि इतक्या वर्षांत आपल्या लोकांनी इथे काय मिळवले, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. नोकरी, घरभाडे आणि शाळा यांविषयी सांगणारे तुम्हांला पुष्कळ भेटतील. मी अश्दोदमध्ये बरीच वर्षे राहते आणि इथल्या आपल्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या, महिला मंडळात काम करते, त्यामुळे मला जे जवळून ठाऊक आहे तेवढ्याचविषयी सविस्तर लिहिते.

माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे असे की, आधी सिनेगॉग ठरवा आणि मग तिथून सासूबाईंना पायी जाता येईल एवढ्या अंतरात घर शोधा. ठाण्यात शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सकाळी त्यांना रिक्षा करून शाआर हश्शामाईम सिनेगॉगला नेता येत असेल. इथे शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधीपासून शनिवारी रात्र पडेपर्यंत बहुतेक गावांत बसगाड्या बंद असतात, आणि सिनेगॉगच्या दारात गाडी लावणे हे नियम पाळणाऱ्या मंडळींना रुचतही नाही. घर दोन किलोमीटर दूर असले की काय होते, ते मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे. सुरुवातीला सगळे घर उत्साहाने चालत जाते, उन्हाळा सुरू झाला की म्हातारी माणसे घरी थांबतात, पुढे मुले कंटाळतात आणि शेवटी घरचा पुरुष एकटा जाऊ लागतो. जवळपास मोरोक्कन किंवा येमेनी मंडळींचे सिनेगॉग हमखास असते, ते तुमचे मनापासून स्वागतही करतील आणि प्रार्थनेचा गाभा तोच असेल; पण चाली वेगळ्या असतात, आणि प्रार्थना संपल्यावर ज्या गप्पांतून नवख्या माणसाची निम्मी कामे होतात, त्या गप्पा तुम्हांला तिथे सुरुवातीला कळणारच नाहीत. कुपात होलीम म्हणजे आरोग्य निधी चारांपैकी कोणता घ्यावा, त्याचा अर्ज कोण भरून देईल, कोणत्या दवाखान्यात मराठी किंवा हिंदी समजणारी परिचारिका आहे, ही सगळी माहिती शनिवारच्या किद्दूशच्या, म्हणजे प्रार्थनेनंतरच्या फराळाच्या, टेबलाभोवती मिळते.

आता गावांविषयी. आपले लोक मोठ्या संख्येने आले ते मुख्यतः 1950 आणि 1960 च्या दशकांत. सरकारने त्यांतील अनेक कुटुंबांना नव्याने वसवल्या जाणाऱ्या गावांत धाडले. दिमोना आणि किर्यात गातच्या कापड गिरण्यांत, मृत समुद्राच्या काठच्या कारखान्यांत आणि लोदजवळच्या विमान उद्योगात त्यांना कामे मिळाली, आणि जिथे काम तिथे वस्ती व जिथे वस्ती तिथे सिनेगॉग उभे राहिले. म्हणूनच तेल अवीवमध्ये नोकऱ्या कितीही असल्या तरी आपला मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष, तिथे शोधावा लागतो, आणि दिमोनासारख्या वाळवंटातल्या छोट्या गावात मात्र दुकानात जाडे पोहे, कोकम, वाल मिळतात व रस्त्यात मराठी कानावर पडते. दिमोनात घरे तुलनेने स्वस्त आहेत, पण तुमच्या पतींच्या क्षेत्रातली नोकरी तिथे मिळणे अवघड आहे आणि रोज बेअर शेवा किंवा त्याहून दूर जावे लागेल. सासूबाई बरोबर असल्यामुळे मी तुमच्या जागी असते तर लोद, रामला किंवा अश्दोद यांतून निवड केली असती. तिन्ही ठिकाणांहून तेल अवीवला कामावर जाता येते आणि तिन्ही ठिकाणी आपल्या मंडळींची जुनी वस्ती आहे. एक गोष्ट ओघात सांगून ठेवते: घर पाहताना त्यात ममाद, म्हणजे भक्कम भिंतींची संरक्षित खोली, आहे का ते आधी विचारा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीनंतर बांधलेल्या इमारतींत ती सहसा असते. जुन्या इमारतींत सायरन वाजल्यावर जिना उतरून सार्वजनिक आश्रयस्थान गाठावे लागते, आणि वृद्ध माणसाला ते जमत नाही.

सिनेगॉगचा कारभार तुमच्या सवयीपेक्षा वेगळा वाटेल. आपल्याकडे ट्रस्ट असतो, सभासदांची यादी असते आणि पूर्वी तर मुकादम, चौगुला अशी मानाची पदे असत. इथे नोंदणीकृत संस्था असते आणि रोजचा गाडा गब्बाई हाकतो. तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, वाचनाला कोणाला बोलवायचे, कोणाच्या वडिलांची पुण्यतिथी आहे, कोणाकडे बाळ जन्मले, हे सगळे त्याच्या वहीत असते. तुम्ही आल्यावर पहिल्याच शब्बाथला पतींनी त्याला भेटून आपले व आपल्या वडिलांचे हिब्रू नाव आणि मुलाच्या बार मित्झवाचे (वयात येण्याच्या धर्मसंस्काराचे) वर्ष सांगून ठेवावे. मुलाला तेराव्या वर्षी वाचायचा परिच्छेद आपल्या चालीत शिकवणारा माणूस गावात एखादाच असतो आणि त्याच्याकडे मुलांची रांग असते.

महिला मंडळाचे काम मात्र तुम्हांला लगेच ओळखीचे वाटेल, आणि त्यात मलिदा सर्वांत वरचा. लग्नाआधी, सुंतेच्या वेळी, नव्या घरात जाताना, मुलगा सैन्यातून सुखरूप परतल्यावर किंवा नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या (एलियाहू प्रेषिताच्या) नावाने मलिदा करण्याची आपली कोकणातली रीत इथे जशीच्या तशी टिकली आहे. किंबहुना बाकी बरेच काही पुसट होत असताना हीच एक गोष्ट अधिक ठळक झाली, असे माझे मत आहे. आम्ही सहा-सात जणी दुपारीच स्वयंपाकघरात जमतो. जाडे पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे, खवलेला नारळ (इथे तो गोठवलेला मिळतो, म्हणून दोन तास आधी बाहेर काढायचा) साखरेत कालवून पोह्यांत मिसळायचा, वेलची, बदाम, पिस्ते घालायचे आणि मोठ्या ताटात डोंगरासारखा ढीग रचून त्याभोवती फळे मांडायची. पोहे फार भिजले तर ताटाचा लगदा होतो, आणि कमी भिजले तर म्हाताऱ्यांच्या दातांना लागतात. या एका मुद्द्यावर आमच्या मंडळात दर वेळी वाद होतो आणि तो मराठीतच होतो. मग पुरुष एलियाहू हन्नाबीचे गीत म्हणतात, प्रत्येक फळाचा वेगळा आशीर्वाद होतो, आणि शेजारच्या मोरोक्कन सुनादेखील आता हक्काने ताट पुढे करतात.

भाषेविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण सासूबाईंसाठी तो महत्त्वाचा विषय आहे. सिनेगॉगमधले प्रवचन आणि सूचना हिब्रूत असतात. साठीच्या पुढची मंडळी आपसांत मराठी बोलतात, चाळिशीतल्यांना ती समजते पण उत्तर हिब्रूत येते, आणि त्यांच्या मुलांना आजीच्या स्वयंपाकातले शब्द तेवढे येतात. इस्राएलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक आपल्याच लोकांनी चालवले, पण त्याचे वाचक पहिल्या पिढीतले. मुलांची मराठी जाईल या भीतीने तुम्ही येणे लांबणीवर टाकू नका. घरात बोललात तर ती राहील, सिनेगॉगवर ते काम सोपवता येणार नाही. सासूबाईंसाठी मात्र गावात ज्येष्ठांचा मोआदोन, म्हणजे क्लब, आहे का आणि त्यात आपल्या बायका किती जातात, याची चौकशी जरूर करा. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी तिथे पत्ते, भजन आणि गप्पा असतात. तुम्ही दोघे उल्पानला (हिब्रूच्या वर्गाला) आणि मुले शाळेत गेल्यावर त्यांचा दिवस कसा जाईल, हे बहुतांशी त्यावर ठरेल.

आपल्या लोकांनी इथे काय मिळवले, या प्रश्नाचे उत्तर मोठ्या नावांनी द्यायचे तर भारतातली यादीच अधिक भरेल. मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस, 1966 साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड, चित्रपटांतले डेव्हिड, कवी निसीम एझिकेल ही नावे तुमच्या घरात घेतली जात असतीलच. इथे आलेल्या पहिल्या पिढीचा दर्जा मात्र उलट खाली आला. रेल्वेत, टपाल खात्यात, सरकारी कचेऱ्यांत कारकुनी केलेली माणसे गिरणीत आणि बांधकामावर राबली. ती मंडळी सारी गप्प बसली असेही नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबांनी भारतात परत पाठवा म्हणून धरणे धरले, सरकारने त्यांना खरोखरच परत पाठवले, आणि पुढे त्यांतली बरीचशी पुन्हा इथेच आली.

तरी माझ्या दृष्टीने आपल्या समाजाची इथली सर्वांत मोठी कमाई 1964 ची आहे. मुख्य रब्बीमंडळाने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत मंडळाने, 1962 मध्ये आदेश काढला होता की, बेने इस्राएलांपैकी कोणाचे समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न लावताना रब्बींनी त्याच्या पूर्वजांची अनेक पिढ्या मागे जाऊन चौकशी करावी. हा नियम फक्त आपल्यालाच लावला जात होता. गावोगावच्या सिनेगॉगांतून माणसे जेरुसलेमला गेली, बायकामुलांसह उघड्यावर बसली, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे ठामपणे जाहीर केले; त्यानंतर रब्बीमंडळाला आदेशातून आपल्या समाजाचे नाव काढावे लागले. त्यांतल्या बहुतेकांना हिब्रूत अर्जही नीट लिहिता येत नव्हता. आज तुमच्या मुलांची लग्ने इथे कोणत्याही ज्यू घराण्यात ठरू शकतील, ती त्या धरण्यामुळे.

त्यानंतरची कमाई शांतपणे झालेली आहे. इस्राएलमधले क्रिकेट मुख्यतः भारतातून आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेल्यांनीच जिवंत ठेवले. इस्राएल 1974 पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचा सहयोगी सदस्य आहे, आणि अश्दोद, लोद, बेअर शेवा, दिमोना येथील संघांत आडनाव ‘कर’ने संपणारे खेळाडू आजही सापडतील. भारत सरकारचा प्रवासी भारतीय सन्मान 2006 मध्ये नेगेवच्या वाळवंटात फुलशेती करणारे कोचीनचे बेझालेल एलियाहू यांना आणि 2017 मध्ये शल्यविशारद डॉ. लायल बेस्ट यांना मिळाला. लोदची गायिका लिओरा इत्झाक भारतात संगीत शिकून आली आणि दोन्ही देशांत गाते. पण आमच्या सिनेगॉगमध्ये टाळ्या पडतात त्या वेगळ्याच गोष्टींना. गिरणीकामगाराची नात परिचर्येची पदवी घेते, कोणाचा मुलगा विमान उद्योगात अभियंता म्हणून लागतो, एखादी मुलगी सैन्यात अधिकारी होते, आणि त्या शब्बाथला तिची आई गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातला हलवा घेऊन येते. गब्बाई नाव पुकारतो, आणि पाठीमागे बसलेल्या बायका मुलीच्या पणजोबांचे गाव कोणते, पेण की नवगाव, याची खात्री करून घेतात.

कागदपत्रांपैकी फक्त सिनेगॉगशी संबंधित तेवढे सांगते. तुमचा आणि दोन्हीकडच्या आईवडिलांचा केथुबा (ज्यू विवाहाचा करारपत्र), विवाह नोंदवहीतील नोंदीची सही-शिक्क्याची प्रत, समाजाचे पत्र आणि शक्य असल्यास आजी-आजोबांच्या दफनाची नोंद हे सगळे ठाण्यातच गोळा करा. परतीच्या कायद्याखाली, म्हणजे ज्यूंना इथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याखाली, प्रवेश मिळण्यासाठी ते लागतेच, पण खरी गरज पुढे मुलांच्या लग्नाच्या वेळी पडते. इथे नोंदणी विवाहाची सोय नाही, ज्यूंचा विवाह रब्बीमंडळाकडेच नोंदवला जातो आणि आई ज्यू असल्याचा पुरावा प्रत्येकाकडे मागतात. वीस वर्षांनी इथे बसून ठाण्यातली जुनी वही मिळवणे किती कठीण जाते, ते आमच्या ओळखीतल्या घरांनी अनुभवले आहे. आडनावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकच ठेवा आणि जन्मदाखल्यांवर अपोस्टील (परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का) करून घ्या. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचे कार्ड) घ्यावे लागेल. मुले इथे सैन्यात गेली तर त्यांना ते कार्ड मिळणार नाही अशी जी धास्ती पूर्वी होती, ती 2017 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेल अवीवमध्ये केलेल्या घोषणेनंतर उरलेली नाही.

येण्याची वेळ निवडताना तिश्री महिना (साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर) टाळा. रोश हशानापासून सिमहाथ तोरापर्यंत कचेऱ्या अर्धवट चालतात आणि प्रत्येक कामाला ‘सणांनंतर या’ असे उत्तर मिळते. उल्पानचे वर्ग आणि घरभाड्याचे करारही त्यानंतरच मार्गी लागतात. पाहणीसाठी मात्र तोच महिना उत्तम आहे. शक्य असेल तर तुम्ही दोघे या तिश्रीत पर्यटक म्हणून या, योम किप्पूर लोद किंवा रामलामध्ये आणि सुक्कोथ अश्दोदमध्ये काढा. वर्षभर न दिसणारी माणसेही त्या दिवसांत सिनेगॉगमध्ये येतात, त्यामुळे तरुण किती, मुले किती आणि मिन्यान खरोखर कोणाच्या बळावर चालतो, हे तुम्हांला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. अश्दोदला आलात तर उतरण्याची सोय महिला मंडळातर्फे करता येईल. तारखा महिनाभर आधी कळवा, कारण सणांत सगळ्यांच्याच घरी पाहुणे असतात.