अपडेटनंतर स्मार्ट स्पीकर पंखा-लाइट ऐकतच नाही, काय करू?

आमच्याकडे पण झालंय हे. सोलापूरचा मे महिना, भर दुपारी आई म्हणतेय हॉलचा पंखा लाव आणि स्पीकर म्हणतोय असं डिव्हाइसच सापडलं नाही, आदल्या रात्रीपर्यंत तर नीट चालत होतं! स्पीकर बिघडलेला नसतो शक्यतो, अपडेट न विचारता येतो आणि बरेचदा पंखा-लाइटच्या स्मार्ट स्विचच्या अ‍ॅपशी जोडलेलं अकाउंट तुटतं. आधी स्विचच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून पंखा चालतो का बघा, चालला तर स्पीकरच्या अ‍ॅपमध्ये ते अकाउंट अनलिंक करून परत लिंक करा आणि डिव्हाइस नव्यानं शोधायला लावा, एकाच नावाची दोन दिसली तर जुनं उडवा. नाही चालला तर वायफाय बघा, असले स्विच बहुतेक वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवरच चालतात. फॅक्टरी रिसेट लगेच नका करू, स्पीकर पहिल्यापासून सेट करावा लागतो (माझा अख्खा रविवार गेला). पुढचा स्विच घेताना मॅटरवाला बघा, मॅटर हे स्मार्ट उपकरणांसाठी २०२२ ला आलेलं स्टँडर्ड आहे, घरातल्या नेटवर्कवरच चालतं, आणि वायरमनला भिंतीवरचं साधं बटण काढू देऊ नका. आई आता तेच दाबते, म्हणते स्पीकरच्या विनवण्या कोण करणार.