सेऊलची वाट: युवा यात्रेविषयी वाचकांचे प्रश्न

दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथे 3 ते 8 ऑगस्ट 2027 या काळात कॅथलिक चर्चच्या जागतिक युवा दिनाचा मेळावा भरणार आहे. गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी याच विषयाची आहेत. 2016 मध्ये पोलंडमधील क्राकोवला आणि 2023 मध्ये पोर्तुगालमधील लिस्बनला आमच्या धर्मग्रामातील (स्थानिक चर्चच्या परिसरातील) तरुणांबरोबर जाण्याचे भाग्य मला लाभले. त्या दोन यात्रांतून जे शिकले, त्याच्या आधाराने काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझी मुलगी 19 वर्षांची आहे. सेऊलला जायचेच असा तिने ध्यास घेतला आहे. ओळखीच्या एका एजंटने माणशी अडीच लाखांचा खर्च सांगितला. तिचे वडील म्हणतात, यात्रेच्या नावाखाली ही परदेशाची सहलच आहे. मुलगी म्हणते, माझ्या लग्नासाठी ठेवलेले सोने गहाण ठेवा, पण पाठवा. मी काय करावे? — एक आई, वसई तालुका

ताई, सोने गहाण ठेवू नका, आणि मुलीच्या ओढीला पोरखेळही समजू नका. आधी हा मेळावा काय आहे ते पाहू, म्हणजे तुमच्या यजमानांच्या शंकेचेही उत्तर मिळेल.

1984 मध्ये, मुक्तीच्या पवित्र वर्षाच्या अखेरीस, पोप दुसरे जॉन पॉल यांनी एक साधा लाकडी क्रूस तरुणांच्या हाती दिला आणि तो जगभर न्यायला सांगितले. पुढच्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय युवा वर्षाच्या निमित्ताने, झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) रोममध्ये तरुणांचा मोठा मेळावा भरला आणि 1986 पासून जागतिक युवा दिन नियमाने पाळला जाऊ लागला. दर दोन ते चार वर्षांनी तो एखाद्या देशात आंतरराष्ट्रीय स्वरूपात भरतो. आशियात तो याआधी एकदाच, 1995 मध्ये मनिला येथे भरला होता. सेऊल हे आशियातले दुसरेच ठिकाण, त्यामुळे आपल्याकडील तरुणांना ही संधी जवळची वाटावी यात नवल नाही.

त्या आठवड्याचा क्रम साधारण ठरलेला असतो. आरंभीची मिस्सा (चर्चची मुख्य सामूहिक उपासना), सकाळी आपापल्या भाषागटांत धर्मशिक्षण, पापनिवेदनाची सोय, शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करणारी प्रार्थना), शनिवारी मोठ्या मैदानाकडे पायी चाल, रात्रभर उघड्यावर जागरण आणि रविवारी सकाळी पोपमहोदयांच्या हस्ते समारोपाची मिस्सा. मुक्काम बहुधा शाळांच्या वर्गांत, चर्चच्या सभागृहांत किंवा स्थानिक कुटुंबांत असतो. जमिनीवर अंथरूण, आंघोळीला रांग आणि जेवायला मिळेल ते. आषाढी वारीला जाऊन आलेल्या कोणालाही यातली निम्मी व्यवस्था ओळखीची वाटेल.

म्हणून एजंटच्या पत्रकात एक गोष्ट आवर्जून तपासा: शनिवारची रात्र कोठे काढायची आहे? मुले मैदानात झोपणार असतील तर ती यात्रा आहे. मैदानावर दोन तास फिरवून त्यांना पुन्हा हॉटेलात आणणार असतील आणि पुढचे पाच दिवस समुद्रकिनारे व बाजारपेठा दाखवणार असतील, तर तुमच्या यजमानांचे म्हणणे खरे आहे. अडीच लाखांतले किती रुपये मेळाव्याच्या सहा दिवसांचे आणि किती त्यापुढच्या भटकंतीचे, हेही लेखी मागा. भटकंती वगळली की आकडा बराच खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

लिस्बनची ती रात्र मला आजही जशीच्या तशी आठवते. टॅगस नदीच्या काठावरील पार्क तेजो हे मैदान, जे पूर्वी कचरा टाकण्याची जागा होते, तेथे 5 ऑगस्टच्या कडक उन्हात आम्ही पाठीवर पथारी घेऊन चालत पोहोचलो. अंदाजे पंधरा लाख माणसे होती, आणि संध्याकाळपर्यंत गाण्यांचा, ढोलांचा, झेंड्यांचा गजर चालू होता. पवित्र साक्रामेंत, म्हणजे ज्यात येशू उपस्थित आहे असे आम्ही मानतो ती पवित्र भाकर, वेदीवर ठेवले गेले आणि ते सगळे मैदान गुडघ्यांवर आले. तेव्हा इतकी शांतता पसरली की कोणाच्या तरी प्लास्टिकच्या चादरीची वाऱ्याने होणारी फडफड ऐकू येत होती. आमच्यातील एका मुलीने, आपण घरी करतो तसे, सवयीने चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. ते पाहून शेजारच्या पोलिश मुलांनीही आपले बूट काढले. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज भाषेतला विधी ऐकताना तीच मुलगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, “हे लोक आपलेच शब्द बोलत आहेत.” मिस्सा, क्रूस, पाद्री हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आले, हे तिला वर्गात शिकवून इतके उमगले नसते.

आता पैशाचे. कर्ज काढून यात्रा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या कर्जाचे हप्ते घरातल्या ज्यांनी फेडायचे, ते यात्रेला गेलेले नसतात. मुलीला धर्मग्रामाच्या युवा गटातून जाऊ द्या आणि गटाने मिळून पैसे उभे करू द्या. क्राकोवच्या वेळी आमच्या मुलांनी दोन नाताळ फराळाचे डबे विकले, रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात भाजी व फुले विकली, आणि ज्या दोघांच्या घरची परिस्थिती बेताची होती त्यांचा वाटा सर्वांनी मिळून उचलला. वर्ष-दीड वर्ष असे राबताना कोणाला खरोखर जायचे आहे, तेही आपोआप कळून येते. तुमच्या मुलीला हे मान्य असेल तर तिला निर्धास्त पाठवा.

प्रश्न: एका प्रवासी कंपनीने “कोरियाचा व्हिसा हमखास मिळवून देतो, फक्त आजच पन्नास हजार भरा” असे सांगितले आहे. आमचे फादर म्हणतात, थांब. गट निघून गेला तर माझी संधी जाईल अशी भीती वाटते. — एक युवक, श्रीरामपूर

फादरांचे ऐक. व्हिसा देणे वा नाकारणे हा सर्वस्वी त्या देशाच्या वकिलातीचा अधिकार आहे, आणि “हमखास” हा शब्द जो वापरतो तो एकतर अजाण असतो किंवा लबाड. कोरियाला जाण्यासाठी भारतीय पासपोर्टधारकाला व्हिसा लागतोच. मेळाव्याच्या आयोजकांकडून नोंदणीनंतर मिळणारे पत्र अर्जाला जोडता येते, पण ते पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. तुझी नोंदणी धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतील विभागाच्या) युवा विभागामार्फत, तुला ओळखणाऱ्या गटातून झाली पाहिजे. अनोळखी गटात नाव घालून देणाऱ्याला पैसे देऊ नकोस.

आमच्या एका यात्रेच्या वेळी सगळी कागदपत्रे नीट असूनही दोन मुलांचा व्हिसा नाकारला गेला. एक वडिलांबरोबर शेती करीत होता, दुसऱ्याचे शिक्षण संपून नोकरी लागायची होती. परत येण्यासारखे मागे काय आहे, हे कागदावर दाखवता आले नाही, एवढेच त्याचे कारण असावे असे मला वाटते. त्या दोघांचे चेहरे मी विसरलेले नाही. म्हणून तुला सांगते: कॉलेजचे चालू वर्षाचे पत्र, वडिलांचा सातबारा, बँकेचे किमान सहा महिन्यांचे व्यवहार आणि धर्मगुरूंचे शिफारसपत्र आतापासून जमव. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणाकडून तरी मोठी रक्कम खात्यात भरून घेऊ नकोस, कारण तपासणाऱ्याला ते लगेच दिसते. पासपोर्टवरचे नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत फरक असेल, जो आपल्याकडे फार घरांत असतो, तर तो आधी दुरुस्त करून घे. आणि विमानाचे तिकीट काढताना, व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घे. परदेशी सहलीचे पॅकेज घेतलेस तर त्यावर जो टीसीएस (पैसे घेतानाच वसूल होणारा आगाऊ प्राप्तिकर) कापला जातो, तो प्राप्तिकर विवरणपत्र भरून समायोजित करता येतो किंवा परत मागता येतो, म्हणून पावती जपून ठेव.

एक गोष्ट कडक शब्दांत लिहावी लागते. यात्रेच्या व्हिसावर जाऊन तेथेच मागे राहण्याचा विचार कोणाच्याही मनात असेल, तर त्याने जाऊ नये. एकाच्या अशा वागण्याने पुढच्या वेळी संपूर्ण धर्मप्रांताचे अर्ज संशयाने पाहिले जातात.

प्रश्न: मला लहानपणापासून मधुमेह आहे आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. मी मैदानातले जागरण झेपवू शकेन का? — एक युवती, पुणे

झेपवू शकशील, पण तुझ्या डॉक्टरांनी होकार दिल्यावर आणि पूर्ण तयारीनिशी. कोरियातला ऑगस्ट हा उकाड्याचा आणि दमट हवेचा महिना आहे. 2023 मध्ये, आम्ही लिस्बनला होतो त्याच दिवसांत, कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेमांगुम येथे जागतिक स्काउट मेळावा भरला होता. तेथे उष्णतेने शेकडो मुले आजारी पडली, आणि शेवटी खानून या चक्रीवादळामुळे तळच रिकामा करावा लागला. हे तुला घाबरवण्यासाठी सांगत नाही. ऊन आणि पाऊस या दोन्हींची सोय हाताशी असली पाहिजे, एवढ्यासाठी सांगते.

इन्सुलिन नेहमी हातातल्या सामानात ठेव, कारण विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो. गरजेच्या दुप्पट साठा ने आणि तो दोन वेगळ्या पिशव्यांत, एक तुझ्याकडे व एक मैत्रिणीकडे, असा विभागून ठेव. गारवा टिकवणारी पिशवी घे, पण इन्सुलिन बर्फाला थेट टेकवू नकोस. सुया, औषधांची नावे आणि आजार यांचा उल्लेख असलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र जवळ हवे. कोरियात काही वेदनाशामक व झोपेच्या औषधांबाबत नियम कडक आहेत, म्हणून इतर कोणतीही गोळी नेण्याआधी त्याची चौकशी कर. मैदानाकडच्या चालीत जेवणाच्या वेळा हमखास चुकतात, तेव्हा ग्लुकोजच्या गोळ्या, चिक्की, खजूर खिशात असू दे. साखर उतरल्याची लक्षणे गटातील किमान तिघांना आधीच शिकवून ठेव. लाजू नकोस. लिस्बनला आमच्यातील एका मुलाने दम्याची गोष्ट संकोचाने लपवली होती, आणि रात्री दोन वाजता गर्दीतून वैद्यकीय तंबू शोधताना आम्हा सर्वांचे हातपाय गळाले होते.

प्रश्न: माझी जिवलग मैत्रीण हिंदू आहे. तिला बरोबर नेता येईल का? — सावंतवाडी

येईल. हा मेळावा सर्वच तरुणांसाठी खुला आहे, आणि लिस्बनला पोप फ्रान्सिस यांनी “सगळे, सगळे, सगळे” हा शब्द तरुणांकडून तीन-तीनदा म्हणवून घेतला होता. मिस्सेच्या वेळी कम्युनियन (वेदीवरून दिली जाणारी पवित्र भाकर) तिने घ्यायचे नसते, एवढे तिला आधीच प्रेमाने समजावून सांग. मैदानात अवघडून जाण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न: आमच्या युवा गटात चाळीस जण आहेत, जाऊ शकतील फार तर दोघे. उरलेल्यांनी काय करावे? — गटप्रमुख, पालघर जिल्हा

तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मागे राहिलेल्यांची तयारी नसेल तर गेलेल्या दोघांची यात्रा केवळ फोटोंपुरती उरते.

वर्षभर कोरियाचा अभ्यास करा. तेथे ख्रिस्ती श्रद्धा कोणा परदेशी धर्मगुरूने नेली नाही. चीनमधून आलेली पुस्तके वाचून काही कोरियन विद्वानांनीच ती शोधली, त्यांच्यातील यी सुंग-हून यांनी 1784 मध्ये बीजिंगला बाप्तिस्मा घेतला, आणि पहिले धर्मगुरू येईपर्यंत पुढची दहाएक वर्षे ती श्रद्धा प्रापंचिकांनीच, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांनीच, जपली. त्यानंतर भयंकर छळ झाला. पहिले कोरियन धर्मगुरू अँड्र्यू किम यांचा 1846 मध्ये शिरच्छेद झाला, तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. सेऊलमध्ये हान नदीच्या काठी जोल्दुसान नावाची टेकडी आहे, आणि त्या नावाचा अर्थच शिरच्छेदाची टेकडी असा आहे. हे वाचताना आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना विसरू नका. तेही तरुणपणीच पूर्वेकडे गेले, जपानी भाषा शिकले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रूसावर मरण पावले.

धर्मप्रांत पातळीवरचा युवा दिन 2021 पासून नोव्हेंबरमधील ख्रिस्तराजाच्या सणाला साजरा होतो. तो तुमच्या चाळीसही जणांचा आहे. सेऊलचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असल्याने समारोपाची रविवारची मिस्सा तेथे सकाळी सुरू झाली की आपल्याकडे पहाट असेल. त्या वेळी सगळे चर्चमध्ये जमा.

आणि जाणाऱ्या दोघांबरोबर प्रत्येकाच्या प्रार्थनेची एकेक चिठ्ठी द्या. घरच्या वडीलधाऱ्यांच्याही द्या. लिस्बनला जाताना आमच्याकडे अशी एक पिशवी भरून चिठ्ठ्या होत्या. एका आजींना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावर नुसता अंगठा उठवून दिला होता. शनिवारी रात्री मैदानात पिशवी उघडली, तेव्हा मुलांनी तीच चिठ्ठी सर्वांत आधी बाहेर काढली.