गोळ्या, पापांची वही आणि तेरावं स्तोत्र

माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांमधून, आजारपण किंवा दुःख आलं की, एक प्रश्न इतक्या वेळा येतो की आता समोरचा माणूस बोलायला लागायच्या आधीच मला अंदाज येतो. शब्द वेगळे असतात एवढंच. कोणी म्हणतं माझा विश्वास कमी पडला का, कोणी म्हणतं घरात कुणाचं तरी पाप असेल, कोणी म्हणतं इतकी वर्षं सेवा केली त्याचं हे फळ का. आणि सगळ्यात शेवटी, आवाज एकदम खाली आणून, आता मी देवाच्या काय कामाची? मी धुळ्यात समुपदेशनाला बसते, पण माणसं अमळनेरहून येतात, नवापूरकडून येतात, भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधून येतात आणि प्रश्न मात्र एकच. म्हणून एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

एका मावशींची गोष्ट सांगते. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि त्यांनीच सांगितलंय की लिहा, कुणाला तरी उपयोग होईल.

मावशी साठीच्या जवळपास, अमळनेर तालुक्यातल्या. गावातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, अर्धं आयुष्य गेलेलं. संडे स्कूल शिकवलं, आजारी माणसांच्या घरी जाऊन प्रार्थना केल्या, आणि नाताळच्या जेवणाला खापरावरचे मांडे त्यांच्याच हातचे लागायचे. मांडे करायला किती ताकद आणि किती नाजूकपणा लागतो ते आपल्या खान्देशात सांगायची गरज नाही. तेच हात गेले. संधिवात, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. पहिल्यांदा आल्या तेव्हा पर्स मनगटात अडकवलेली होती, बोटांनी धरता येत नव्हती. बांगड्या काढून ठेवलेल्या. पर्सची चेन त्यांनी दोन तळव्यांच्या मधे धरून उघडली आणि आतून दोन गोष्टी टेबलावर ठेवल्या. एक गोळ्यांचं पाकीट, जवळजवळ न वापरलेलं. दुसरी एक शंभर पानी वही.

गोळ्या का नाही घेतल्या? तर एका प्रार्थनासभेत त्यांच्यावर हात ठेवून सांगितलं होतं की तू बरी झालीस, आता औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास. बरं वाटलं नाही तेव्हा त्याच लोकांनी सांगितलं, काहीतरी पाप लपलेलं असेल, ते शोध. मावशींनी शोधलं. ती वही पापांची होती. लहानपणी शेजारच्या झाडाच्या चिंचा तोडल्या. नणंदेला भावाच्या लग्नात टाकून बोलले. कुणाचं तरी पितळी पातेलं परत द्यायचं राहिलं. उपासनेत डुलकी लागली. पान उलटत जावं तसं अक्षर वाकडं होत गेलेलं, कारण पेन धरायलाच त्रास होत होता, आणि तरी लिहितच होत्या. इतकी वर्षं हे काम करते पण ती वही मला विसरता येणार नाही.

सगळ्यात आधी मी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. यावर मी चर्चाच करत नाही. हा आजार म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर हल्ला करते, औषधाविना सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात आणि झालेलं नुकसान मागे फिरत नाही. (त्यांना या आजारावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी होती. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून घरच्यांनी वार ठरवून लक्ष ठेवावं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासावं.) मावशी म्हणाल्या, पण ताई, विश्वास? मी विचारलं, बायबलात प्रेषित पौलाचा सोबती तीमथ्य, त्याला पोटाचा त्रास होता तेव्हा पौलानं काय सांगितलं? त्यांना पाठ होतं, थोडा द्राक्षारस घे. आणि पौलाच्या दुसऱ्या सोबत्याचं, त्रफिमाचं काय झालं? आजारी होता म्हणून पौलानं त्याला मिलेतात मागे ठेवलं. मग पौलाचा विश्वास कमी होता का? आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक? वैद्य. आपल्या नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशनचं हॉस्पिटल आहे, तिकडे मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी आयुष्य घालवून दवाखाना उभा केला, ही माणसं प्रार्थना करत नव्हती का? करायची, आणि औषधही द्यायची.

मग ती वही. मी म्हटलं मावशी, योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय. शिष्य विचारतात, हा जन्मांध आहे तो कुणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? त्यांनी लगेच पुढचं सांगितलं, यानं पाप केलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूकचा तेरावा? शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, नाही. सगळं पाठ. संडे स्कूलमधे पोरांना शिकवलेलं. आणि तरी वही बंद होत नव्हती.

इथे मला जे कळलं ते मी आता प्रत्येक केसमधे वापरते. दुःखातल्या माणसाला वचनं माहीत नसतात असं नाही, आपल्याकडची बरीचशी माणसं वचनांवरच वाढलेली असतात. पण त्यांना रडायच्या आधीच उत्तर मिळालेलं असतं. देवाची योजना आहे, सगळं चांगल्यासाठी आहे, स्तुती कर. आता रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे आहेच की, पण त्याच अध्यायात थोडं वर सगळी सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि आत्मासुद्धा आपल्यासाठी कण्हत मध्यस्थी करतो असं आहे. ते कण्हणं सोडून आपण थेट खाली उडी मारतो. आणि जे बोलू दिलं नाही ते आत राहून स्वतःवरचा आरोप बनतं. मावशींची वही म्हणजे मला विचाराल तर देवाला न विचारलेला प्रश्न होता, तो देवाला विचारायची भीती वाटली म्हणून त्या स्वतःलाच आरोपी करत होत्या.

पुढच्या भेटींत मी वचनं सांगायची बंद केली. नुसतं विचारायचे, रात्री झोप लागत नाही तेव्हा मनात काय येतं? बरेच दिवस उत्तर चर्चच्या मराठीत यायचं. "प्रभूची इच्छा पूर्ण होवो." "प्रभू सामर्थ्य देतो." मग एका दुपारी, उन्हाळा होता, पंखा गरम हवा फेकत होता, गोळ्यांनी सूज थोडी उतरलेली पण हात काही पहिल्यासारखे होणार नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, त्या दिवशी मावशी आमच्या अहिराणीत बोलल्या.

"देव माले इसरी गया."

आणि लगेच तोंडावर पदर. हे काय बोलले मी, पाप लागेल, वहीत लिहावं लागेल.

मी काही समजावलं नाही. बायबल उघडलं, तेरावं स्तोत्र काढलं, त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं वाचा, मोठ्यानं. सहाच ओव्या आहेत. पहिलीच ओळ, हे परमेश्वरा, किती वेळ, मला कायमचं विसरणार का. मावशी तिथेच थांबल्या. बोट ओळीवर ठेवलं, ते सुजलेलं बोट नीट टेकतही नव्हतं. परत वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दावीदनी लिखेल शे हाई?"

हो म्हटलं, दावीद राजाचंच स्तोत्र. तुम्ही आत्ता जे बोललात तेच. आणि कुणी ते बायबलमधून काढून टाकलं नाही, उलट उपासनेत गायला ठेवलं.

त्या खूप रडल्या. मी बसून राहिले. चौथ्या ओवीपर्यंत वाचून झालं, पुढच्या दोन ओव्यांत दावीद वळतो, तुझ्या दयेवर भरवसा आहे, मी गाईन वगैरे, मावशी म्हणाल्या ताई हे आज माझ्याच्यानं वाचवत नाही. मी म्हटलं नका वाचू. चार ओव्या आजच्या पुरत्या झाल्या. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तेही पवित्र शास्त्रच आहे.

माझ्या मते सगळं वळण तिथेच आलं, पाचवी ओवी न वाचण्यात. कारण त्या दिवसापासून घरी प्रार्थना अहिराणीत सुरू झाली. "देवबा, कितला दिन? रातले झोप लागत नही, तू कोठे शे?" ही भाषा त्या सासूशी, पोरांशी, भाजीवाल्याशी बोलायच्या, फक्त देवाशी कधी बोलल्या नव्हत्या. ज्या भाषेत माणूस भांडू शकतो त्याच भाषेत त्याला जवळीक वाटते, हे मी पुस्तकात वाचलं होतं, मावशींच्या तोंडून ऐकलं तेव्हा पटलं. वही पुढे लिहिणं हळूहळू बंद झालं. त्यांनी ती फाडली जाळली नाही, कपाटात आहे म्हणे.

आता दुसरा प्रश्न, मी देवाच्या काय कामाची. मावशींना वाटायचं सेवा म्हणजे मांडे, झाडलोट, शिकवणं, फिरणं. हात गेले म्हणजे सेवा गेली. मी त्यांना कुठलंही काम सुचवलं नाही, मुद्दामच. दुःखातल्या माणसाला लगेच तुझ्या दुःखाचा उपयोग कर म्हणणं हे मला क्रूर वाटतं. त्यात परत सौदा येतो, मी एवढं करते, आता तरी बरं कर.

झालं असं की महिला संघाच्या सभेत साक्ष द्यायची वेळ आली. आपल्याकडे साक्ष म्हणजे बहुतेक वेळा ताप होता, प्रार्थना केली, ताप गेला. मावशी उभ्या राहिल्या, तेरावं स्तोत्र वाचलं आणि म्हणाल्या, "मी बरी व्हयनी नही. पन मी त्यानीच शे." मी बरी झाले नाही, पण मी त्याचीच आहे. आणि बसल्या. कोणी हालेलुया म्हटलं नाही, काय म्हणावं कळलंच नसेल. पण सभा संपल्यावर एक सून त्यांच्याजवळ आली, मूल होत नाही म्हणून सगळ्या मंडळीची प्रार्थना झालेली आणि आता कुणाला तोंड दाखवायची लाज वाटणारी. मग एक आई, जिचा मुलगा दारूत गेलाय. त्या दोघी आता दुपारच्या मावशींकडे जातात. चहा ती सून करते, कारण मावशींना गाळणी धरता येत नाही. मावशींचा तिथे एक नियम आहे, "देवाची इच्छा" हे शब्द आपल्या घरात कोणी दुसऱ्याला म्हणायचे नाहीत.

बायबलमधला ईयोब, ज्याचं सगळं गेलं, त्याचे मित्र आठवतात? सात दिवस सात रात्री जमिनीवर नुसते बसले, तोपर्यंत सोन्यासारखी माणसं होती. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव त्यांच्यातल्या अलीफजाला म्हणतो, माझा सेवक ईयोब जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, आणि ईयोब तर अध्याय न अध्याय तक्रार करत होता! मला वाटतं आपल्या मंडळ्यांनी हे वचन मोठ्या अक्षरात भिंतीवर लावावं. पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, उपाशी भटकंती झाली, १८८२ साली नवरा गेला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या तेव्हा भूक म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १९२१ मधे एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ मधे त्या स्वतः. दुःखाचं कारण काही त्यांना कोणी समजावून दिलं नव्हतं, त्या ओळखीच्या दुःखाकडे चालत गेल्या.

पण इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण याचा गैरवापर मी फार बघितलाय. थांबवता येणारं दुःख थांबवायचं. नवरा मारतो आणि पाळक सांगतात हा तुझा क्रूस आहे, वाहा, तर ते चूक आहे. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं सरळ विचारलं, रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारता येतात का? कायदा वापरला त्यानं. तुम्हीही वापरा. आणि मरण आलेलं बरं असं वारंवार वाटत असेल तर त्याला अविश्वास समजून लपवू नका. एलीया संदेष्ट्यालाही रतामाच्या झुडपाखाली तसंच वाटलं होतं, आणि देवानं त्याला प्रवचन दिलं नाही, झोपू दिलं, उठवून भाकर पाणी दिलं, परत झोपू दिलं. घरच्यांना सांगा, डॉक्टरांना सांगा, १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

घरच्यांसाठी एवढंच की समजावू नका, जवळ बसा. प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा आज काय मागू, आणि ते जे सांगतील तेच मागा, आपलं घुसवू नका. पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा राहिला, माझी कृपा तुला पुरे आहे हे उत्तर त्याला देवाकडून मिळालं, शेजाऱ्याकडून नाही. ते वाक्य आपण दुसऱ्याला ऐकवायची घाई करतो ना, ती थांबवा.

मावशी अजून येतात, आता क्वचित. हात तसेच आहेत, वेदना कमी, गोळी ठरलेल्या वारी. मधे आल्या तेव्हा विचारत होत्या, ताई, कोणी बरं झाल्याची साक्ष देतं तेव्हा अजून पोटात दुखतं, हे चालेल का? मी म्हटलं चालेल, फक्त तेही त्यालाच सांगा.

"सांगी टाकं ना मी," म्हणाल्या, "कालदिनच."