उजनीत गळ टाकायचाय? मग होडी सगळ्यात शेवटी घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात राहता, लहानपणी गावच्या ओढ्यावर गळ टाकलाय, आता पुन्हा सुरू करायचंय. 25 हजार बाजूला काढलेत. त्यातले 18 हजार दोन माणसांच्या फुगवायच्या होडीला आणि उरलेल्यात रॉड, रील, आमिषं. भिगवणच्या पुढे उजनीच्या फुगवट्यात मरळ आणि रोहू धरायचेत. होडी कुठली घ्यावी, एवढंच विचारलंय.

मी या पाण्यावर वीसएक वर्षं जातोय. होडी यंदा घेऊ नका, हे माझं उत्तर. पहिलं एक वर्ष काठावरून करा. का ते नीट सांगतो, कारण नुसतं ‘नको’ म्हटलेलं कुणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं.

उजनीला आपण धरण म्हणतो आणि मनात खडकवासल्याचं चित्र असतं. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं. साठा 117 टीएमसीचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळा या तालुक्यांच्या शिवारांत हे पाणी पसरलंय. काही ठिकाणी समोरचा काठ धूसर दिसतो. एवढ्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, आणि वाऱ्याला जितका लांब पल्ला मोकळा मिळतो तितकी लाट मोठी होते. सकाळी सातला जिथं तवंगही हलत नाही तिथं मे महिन्यात दुपारी चारला हातभर लाटा उठतात. शांत पाणी आणि लाटा यांच्यात कधी कधी दहा मिनिटंही जात नाहीत.

2011 च्या मेमध्ये मी आणि माझा मावसभाऊ अशाच फुगवायच्या होडीतून आत गेलो होतो. बाराच्या सुमाराला पत्र्याच्या होडीतून जाळी काढून परतणारे एक भोई काका आमच्याजवळून गेले. म्हणाले, ‘‘दादा, काठ धरा आता. पश्चिमेला भरून आलंय.’’ आम्हाला आभाळ स्वच्छ दिसत होतं. मासा चांगला लागत होता, म्हणून थांबलो. अर्ध्या तासात वारं सुटलं. फुगवलेली होडी पाण्यात बसत नाही, पाण्यावर बसते. वल्हं कितीही मारा, वारा नेईल तिकडं जाते. आम्ही वाहत वाहत बुडालेल्या बाभळींत गेलो आणि एका काट्यानं होडीचा एक कप्पा फोडला. जॅकेट दोघांकडे होती, पण बसायला खाली घेतलेली. तेच काका मागं वळून आले, दोर टाकला आणि ओढत काठाला आणलं. एका शब्दानं रागावले नाहीत. ‘‘पाणी कुठं पळून चाललंय का? उद्या या की,’’ एवढंच बोलले. त्या दिवसापासून त्या गावात गेलो की आधी त्यांच्या घरी जातो.

21 मे 2024 ला संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट याच पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली. सात जणांतला एक पोहून काठाला लागला, सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. हे लिहितानाही जीव कालवतो. म्हणून तुमच्या यादीत पहिली वस्तू लाइफ जॅकेट लिहा, होडी नाही. त्यावर तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला नुसता आधार देतं. 100 न्यूटन आणि त्यापुढची जॅकेटं माणसाला उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवायच्या हिशेबानं केलेली असतात. आपल्यासाठी 100 च. काठावर निसरडा उतार असेल तर तिथंही घाला.

आता सामान. पंचवीस हजार लागणारच नाहीत.

एक रॉड सात फुटी, मध्यम ताकदीचा, 10 ते 30 ग्रॅम फेकणारा. त्यावर 3000 मापाचं स्पिनिंग रील. दोन्ही मिळून चार-साडेचार हजारांत बरं मिळतं आणि त्यावर पहिली दोन वर्षं आरामात निघतात. दुकानदार बारा फुटी घडीचा रॉड पुढं करील, लांब जातं म्हणून. घेऊ नका. एकात एक सरकणाऱ्या त्या नळ्या वाळूनं अडकतात, आणि मोठा मासा लागला की जोडावरच मोडतात. दोन तुकड्यांचा रॉड बसमधूनही नेता येतो.

तंगूस आधी साधं नायलॉनचंच भरा, 0.28 किंवा 0.30 मिलिमीटरचं, साधारण पाच किलो ताण घेणारं. नायलॉन थोडं ताणलं जातं आणि नवशिक्याच्या हाताची चूक पोटात घालतं. ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली दोरी ताणली जात नाही, त्यामुळे माशानं हिसका दिला की एक तर गळ सुटतो, नाही तर तोंड फाटतं. मरळीसाठी मात्र पुढं ब्रेडेडच लागेल, कारण तिला जलपर्णीतून आणि पाणकणसातून ओढून काढावं लागतं. तेव्हा दुसरा स्पूल (दोरी गुंडाळायची रीलवरची फिरकी) भरून घ्या. स्पूल काठोकाठ भरू नका. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळं ठेवा, म्हणजे गुंते होणार नाहीत.

रीलच्या ड्रॅगबद्दल कुणी सांगत नाही, आणि पहिला मोठा मासा सगळ्यांचा तिथंच जातो. ड्रॅग म्हणजे दोरी किती ताणाला सुटायला लागावी याचा स्क्रू. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर तो बसवायचा. पाच किलोच्या तंगुसाला सव्वा ते दीड किलो. प्रवासाची बॅग तोलायचा काटा घरात असेलच. दोरीचं टोक त्याला बांधा, रॉड वाकवून ओढा, दीड किलोला रील किरकिरलं पाहिजे. अंदाजानं पिळू नका. आणि गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि नायलॉन तिथंच कमजोर होतं. गाठ पालोमार शिका, सुरुवातीला ती एकच पुरते.

गळ 6 आणि 4 नंबरचे, लहानच. त्यांचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका. मासा थोडा जास्त सुटेल, पण सोडायचा मासा जिवंत सुटेल, आणि तो गळ कधी तुमच्या बोटात घुसला तर दवाखान्यात न जाता निघेल. शिसं, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), दोन-तीन फ्लोट (पाण्यावर तरंगणारी बोंडं), लांब तोंडाची पकड, कापडी फडकं, कात्री. झालं सामान.

काठावर वर्ष काढा म्हणतो त्याचं खरं कारण हे की मासा कुठं असतो ते काठच शिकवतो. कटला, रोहू, मृगळ हे तिघं एकाच पाण्यात असतात, पण जेवायला बसतात तीन मजल्यांवर. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या पाण्यात. मृगळ तळाशी, खालच्या तोंडानं गाळ चाळत. मृगळाला चालणारी खोली ठेवून कटल्याची वाट पाहत दिवस घालवणारे मी कितीतरी पाहिलेत. फ्लोट हातभर वर-खाली करणं फुकट आहे, ते दर अर्ध्या तासाला करा. आमिषाला शेंगपेंड भिजवून, तिच्यात गव्हाचा कोंडा, थोडा गूळ आणि बांधायला कणीक. लिंबाएवढे गोळे करून एकाच जागी चार-पाच टाका, मग गप्प बसा. गळावरच्या कणकेत कापसाचे चार धागे मळले की ती लवकर विरघळत नाही. चिलापी तर गांडुळाला (आमच्याकडे काडू म्हणतात) लगेच येते. पहिल्या दिवशी तिच्यावरच हात बसवा.

मरळ वेगळी. ती हवा घ्यायला वर येते, तेव्हा उथळ झाडोऱ्यात ‘पुच्’ असा आवाज होतो. तो ऐकायला शिकलात की अर्धं काम झालं. रबरी बेडूक त्या जागेच्या पुढं टाकून हळूहळू वरून आणायचा. तिनं झडप घातली तरी लगेच हिसका देऊ नका. एक, दोन म्हणा, दोरी ताठ होऊ द्या, मग मारा. पावसाळ्यात कधी नारिंगी-लालसर पिल्लांचा गोळा पाण्यावर वळवळताना दिसेल. त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात आणि चिडून कशावरही तुटून पडतात. तिथं बेडूक टाकू नका. ते दोघं उचलले की तो सगळा गोळा तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो. हे मी हात जोडून सांगतोय.

हेच चढणीच्या, म्हणजे पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांचं. कोकणात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे धरायची जुनी रीत आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण आपण हौसेनं जाणारे लोक. जून ते ऑगस्ट मासा गाबोळीनं भरलेला असतो, ते तीन महिने आपण गळ घरी ठेवला तर आपलं काही अडत नाही.

परवानगीचं विचारलं नाहीत, पण ती आधी काढा. आपल्याकडच्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. पाण्यात बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) त्यांनी पैसे भरून सोडलेली असते. त्या गावात जाऊन विचारा, पैसे सांगतील ते द्या, पावती मागा. अभयारण्याच्या हद्दीतलं पाणी, मग ते कोयनेचं का असेना, आणि देवाचे डोह, म्हणजे देहू, आळंदी किंवा महाडजवळचं वाळणकोंड, तिथं गळ काढायचाच नाही. वाळणकोंडीत खडस (महसीर मासा) माणसाच्या हातून खातो. याच माशाचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं, आणि आज पुण्यातल्या त्याच नदीचं काय झालंय ते तुम्ही रोज पुलावरून पाहता. गळाला कधी खडस लागला तर पाण्याबाहेर न उचलता सोडा. उलट आफ्रिकन मांगूर लागला तर परत सोडू नका. त्याच्या पैदाशीवर बंदी आहे, आणि तो बाकीच्यांना खाऊन टाकतो.

काठावरचे धोकेही सांगून ठेवतो. पाणी ओसरलं की उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, आत मांडीपर्यंत पाय जातो. काठी टेकत चाला. शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबली काठानं पाण्यात गेलेल्या असतात, त्यांच्याजवळ पाण्यात उतरू नका आणि त्यांच्यावरून गळ ओढू नका. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. वरून तारा जात असतील तर ती जागा सोडा, आणि आभाळ गडगडलं की रॉड आडवा ठेवून दूर व्हा. शिंगटा माशाच्या कल्ल्यामागचा काटा लागला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, कळ उतरते.

तुटलेलं तंगूस एक वीतभरसुद्धा तिथं टाकू नका. भिगवणला एकदा चित्रबलाकाच्या पायात गुंतलेलं तंगूस आम्ही अर्धा तास बसून कापलं. पाय हाडापर्यंत कापला गेला होता. तो उडाला, पण पुढं जगला असेल असं मला वाटत नाही. रिकामी बाटली सोबत ठेवा आणि तुकडे तिच्यात कोंबा.

वर्षभरानं होडी घ्यावीशी वाटली तर फुगवायची नकोच. बाभळीचे काटे, गळ आणि माशांचे काटे हे तिन्ही इथं आहेत. फायबरची रुंद बुडाची छोटी होडी किंवा वर बसायची कयाक बघा. लिहिलेल्या वजनाच्या दोन तृतीयांशच भरा. वल्ही दोरीनं होडीला बांधा, शिट्टी जॅकेटला. नांगर नेहमी पुढच्या टोकाला. मागं बांधलात तर लाट मागून आत येते. दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी हवा. उलटलीच तर होडी सोडून काठाकडे पोहू नका, तिला धरून राहा. उन्हाळ्यात सकाळी अकराच्या आत बाहेर. आणि पहिल्या खेपेला गावातल्या कुणा मच्छीमाराला सोबत घ्या, त्याची दिवसाची मजुरी देऊन.

ऑक्टोबर सरता सरता पाणी निवळतं. पहिली खेप तेव्हाची ठेवा. तोवर घरी गच्चीवर बादली ठेवून दहा, पंधरा, वीस मीटरवरून शिशाचा तुकडा तिच्यात पाडायचा सराव करा, गळ न लावता. पालोमार गाठ डोळे मिटून बांधता आली की कळवा, कुठल्या गावच्या काठाला जायचं ते सांगतो.